चिपमधली हाक

दत्तात्रेयरावांनी, म्हणजे घरातल्या अप्पांनी, जन्मभर एक धर्म कडकडीत पाळला. खोलीतून निघायचं ते भिंतीवरची सगळी बटणं बंद करूनच. शाळेत इतिहास शिकवायचे तेव्हा पोरं पंखा विसरली, तर गेटपर्यंत पोचलेला वर्ग परत बोलवायचे. त्यामुळे त्या रविवारी त्यांची लेक निरुपमा फोन घ्यायला बाहेर गेली आणि अप्पांनी तिच्या टेबलामागचं बटण बंद केलं, यात त्यांना दोष तरी काय द्यायचा? पण त्या बटणावर संगणक चालू होता, आणि संगणकाला जोडलेला होता अप्पांचा आवाज.

घशाच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी सांगितलंच होतं की आवाज जाणार. लेक मकरपुऱ्यात मीटरच्या कारखान्यात इंजिनीयर. तिने कारखान्याच्या संगणकावर अप्पांचे शब्द रेकॉर्ड केले, एका चिपमध्ये भरले आणि साबणाच्या डबीएवढी पेटी करून त्यांच्या खिशात घातली. प्रत्येक वाक्याचं वेगळं बटण; ते दाबलं की पेटी अप्पांच्या आवाजात बोलायची. 'पाणी दे.' खंडेराव मार्केटात गुजराती भाजीवाल्याला भाव विचारायला 'शुं भाव छे?' आणि पद्माबाईंसाठी, 'अगं, ऐकलंस का?' लग्नापासून त्यांनी बायकोला हाक मारली ती हीच.

मार्केटच्या गलक्यात आवाज बारीक पडतो, अशी अप्पांची तक्रार होती. म्हणून निरुपमा चिपमध्ये नवा प्रोग्राम भरत होती. जुना पुसला गेला होता, नवा अर्धा चढला होता, तेवढ्यात वीज गेली ती अप्पांच्या बोटाने. आवाज चिपच्या वेगळ्या कप्प्यात शाबूत होता, पण तो वाजवणारं कुणी उरलं नाही आणि पेटी मुकी झाली.

चिपच्या आत बूटलोडर नावाचा एक छोटा रखवालदार असतो. बाहेरून आलेला नवा प्रोग्राम तो आत घेतो. पण निरुपमाने तो असा लिहिला होता की मुख्य प्रोग्रामने उठवलं तरच त्याने उठावं. आता मुख्य प्रोग्रामच अर्धा, मग रखवालदाराला उठवणार कोण?

दुसरी वाट होती थेट केबल लावून आतलं वाचायची. तिथे कुलूप. मीटरची नक्कल होऊ नये म्हणून कारखान्यातली प्रत्येक चिप कुलूप लावूनच बाहेर पडायची. ही सवय हातात इतकी मुरलेली की बापाच्या आवाजालाही निरुपमाने कुलूप घातलं होतं. चोर राहिले बाजूला आणि संन्याशाला फाशी! कुलूपबंद चिप आतलं काही दाखवत नाही. बाहेरून ती एकच हुकूम मानते, सगळं पुसून टाकण्याचा. मूळ रेकॉर्डिंगचा संगणक तर दिवाळीतच भंगारात गेला होता. चिपमध्ये आहे की, असं म्हणून तिने त्याची प्रतही ठेवली नव्हती.

निरुपमा वेड्यासारखी झाली. पुन्हा पुन्हा केबल लावायची, व्होल्टेज कमी-जास्त करून बघायची, परदेशातल्या अनोळखी माणसांना ईमेल लिहायची. कधी नव्हे ते नवस बोलली. जेवणावरची वासना उडाली. शेवटी तिने चिप कारखान्यातल्या विहंगपुढे ठेवली. त्याने सगळं तपासलं आणि मान हलवली.

"अवाज अंदर ज छे, निरुबेन. पण बारणुं नथी." आवाज आतच होता, पण आत जायला दार नव्हतं.

अप्पा रोज तिच्यासमोर येऊन बसत. हात सवयीने खिशाकडे जाई आणि रिकामा परत येई. एका संध्याकाळी त्यांनी पाटीवर लिहिलं, 'मीच बंद केलं.' निरुपमाने परोपरीने समजावलं की चूक कुलपाची आहे, म्हणजे माझी आहे. त्यांनी ऐकून घेतलं, पण पाटी काही पुसली नाही.

अखेर तिने जोडाचा डाख वितळवून जुनी चिप उतरवली आणि नवी बसवली. पण तिच्यात आवाज कुणाचा घालायचा? विहंग तयार होता. अप्पांनी बोट दाखवलं ते निरुपमाकडे. तिने सगळे शब्द सरळ बोलून टाकले. 'अगं, ऐकलंस का?' ला मात्र ती अडखळायची, पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची.

पद्माबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या तेव्हा अप्पांनी हाकेचं बटण दाबलं. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि थेट निरुपमासमोर उभ्या राहिल्या.

"काय गं, काय हवंय?"

अप्पांनी पुन्हा बटण दाबलं. पद्माबाईंनी लेकीच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं, मग वळून नवऱ्याकडे. त्यांनी जुनी चिप मागितली आणि तळहातावर घेतली.

"यांचा आवाज यात आहे ना अजून?"

"आहे, आई. सगळा आहे. पण आता तो कुणालाच ऐकू येणार नाही."

त्यांनी चिप कुंकवाच्या करंड्यात ठेवली, झाकण लावलं आणि मेथी निवडायला परत गेल्या.

हाकेचं ते बटण अप्पांनी पुन्हा दाबलं नाही. बायकोशी काही काम असलं की ते उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहतात. भिंतीवरच्या बटणांनाही ते आता हात लावत नाहीत. त्यांच्या मागे रिकाम्या खोलीत पंखा फिरत राहतो, आणि तो बंद करायला निरुपमाचाही हात उठत नाही.