कारण : हयगय

"आंटी, तुमचा पाहुणा परत आला," कीथने खोकं टेबलावर आदळलं. "तिसऱ्यांदा!"

कॉन्सेप्टाने पत्ता पाहिला. मालन, सिन्नर. खोक्यात तीच मुठीएवढी इलेक्ट्रॉनिक पेटी होती. ट्रॅक्टरमागचा नांगर किती उचलायचा, किती खाली सोडायचा, हे तेलाच्या व्हॉल्व्हला सांगणारी. मरोळच्या या गाळ्यात सव्वीस वर्षं ती अशा पेट्या दुरुस्त करत होती. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. ट्रॅक्टरवर मात्र तिने कधी हातसुद्धा ठेवला नव्हता.

झाकण उघडलं. आत पुन्हा पाणी, तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखा थर. आणि बाहेर तिने स्वतः लावलेलं सिलिकॉन मात्र अखंड. कुलूप जागच्या जागी आणि घरात चोरी, तसं काहीसं.

तिला काही कळेना. कीथ फोनवर गप्पा मारत झाकण कसंबसं चिकटवायचा, आणि त्याची एकही पेटी परत येत नव्हती. या बनावटीच्या तिच्या सातांपैकी चार आल्या. तिने दोनदा मोजल्या होत्या.

बंद करणं तर तिच्या हातातच होतं. लहानपणी आई मसाल्याच्या बाटल्या भरायला बसवायची. तपकिरी बाटलीत काठीने मसाला ठासायचा, बुचावर फडकं आवळायचं. "हवा शिरली की घात झाला गं," आई म्हणायची. त्यामुळे पेटीला दिसेल ती फट, दिसेल तो खड्डा कॉन्सेप्टा बुजवत आली होती.

तिने खोक्यावरचा नंबर लावला.

"पेटी दुरुस्त करणाऱ्या बाई तुम्हीच का?" पलीकडून मालन म्हणाली. "बरं झालं. मला विचारायचंच होतं. पेटीसोबतच्या तुमच्या कागदावर लिहिलंय, कारण मालकाची हयगय. दोन्ही वेळा. आता पेटी पुन्हा बंद पडली तसा दिरांनी तो कागद सगळ्या घरापुढं वाचला. वहिनी, हे बाईमाणसाचं काम न्हाई, म्हणाले, अन् चावी काढून घेतली. सहा वर्षं ट्रॅक्टर मीच चालवतेय."

कॉन्सेप्टाने विचारलं, "पेटीवर पाणी मारता का?"

"मारते की. रानातनं आलं की लगेच धुते. चिखल वाळला की निघत न्हाई. हयगय असती तर धुतला असता का?"

"लगेच? पेटी गरम असेल."

"हात पोळतो! पण पयल्यापासनं तसंच धुते. चार वर्षं पाण्याचा थेंब गेला न्हाई आत. तुमच्याकडं पयल्यांदा पाठवली ती उंदरानं वायर कुरतडली म्हणून. पाणी शिरायला लागलं ते तुमच्याकडनं आल्यावर." मग म्हणाली, "राग मानू नका ताई. जे झालं ते सांगितलं."

फोन ठेवून कॉन्सेप्टाने पेटी उलटसुलट फिरवून पाहिली. मग म्हणाली, "कीथ, नीळ आहे का रे?"

"कपड्यांची? बेसिनखाली आहे. आंटी, आता धुणं काढताय काय?"

तिने स्वतः बंद केलेली एक पेटी हात पोळेल इतकी तापवली आणि झाकण तेवढं वर ठेवून निळ्या थंड पाण्याच्या बादलीत बुडवली. वायरीचं टोकही पाण्यात. थोड्या वेळाने बाहेर काढून पुसली, उघडली. आत निळं.

"वाट लागली," कीथ म्हणाला.

"आता तुझी दे."

कीथच्या पेटीचं तसंच केलं. आत कोरडी ठक्क.

तिने दोन्ही झाकणं शेजारी ठेवली. कीथच्या झाकणाच्या कोपऱ्यात नाचणीच्या दाण्याएवढं छिद्र होतं. तिच्या झाकणावर त्या जागी सिलिकॉनचा गुळगुळीत ठिपका. ओतकामातला दोष समजून तिनेच बुजवलेला. ठिपका पात्याने खरवडल्यावर मागे कागदासारखी पांढरी चकती दिसली. हवा जाऊ देणारी, पाणी अडवणारी. पेटीचा श्वास तेवढ्याच वाटेने चालायचा. ती वाट बंद झाल्यावर गार पडून आकसणाऱ्या आतल्या हवेने वायरीच्या आवरणातून पाणी ओढून घेतलं होतं. शाळेतल्या पोराला कळावं इतकं सोपं.

मालनच्या पेटीला तिने नवी चकती लावली आणि सोबतचा कागद लिहायला घेतला. गाळ्याचा मालक निहार मागे येऊन उभा राहिला.

"आंटी, पाणी शिरलं एवढंच लिहा ना. आपली चूक कशाला? उद्या बाकीचे पण येतील भांडायला."

"येऊ दे. त्यांच्याही पेट्या उघडायच्याच आहेत."

"तुम्ही पण ना!" तो मान हलवत गेला.

तिने लिहिलं : पेटी गार झाल्यावर धुवावी. वायर पेटीच्या खालून वळण देऊन बांधावी, म्हणजे पाणी वळणावरूनच गळून जाईल. आधीच्या दोन्ही कागदांवरचं कारण चुकीचं आहे. मालन यांची हयगय नाही. झाकणाचं छिद्र मी बुजवलं होतं. चूक माझी.

एरवी ती नुसतं 'सी.' लिहायची. आज पूर्ण नाव लिहिलं. मग पुन्हा सिन्नरला फोन लावून सगळं वाचून दाखवलं.

पलीकडे मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता.

"ताई," मालन म्हणाली, "अक्षर मोठं काढलंय ना? दीर चष्मा लावत न्हाईत. बारीक असलं की न्हाई दिसत म्हणतात, अन् ठेवून देतात."

कॉन्सेप्टाने लिहिलेला कागद बाजूला सारला, कोरा घेतला आणि पहिल्या ओळीवर मोठ्या अक्षरात लिहायला सुरुवात केली : चूक माझी.