बोटभर रिकामा डबा

"साखरेला पाय फुटलेत का गं?" सासूबाईंनी डबा सुनेच्या नाकासमोर धरला. किलोचं पाकीट ओतलं की तो काठोकाठ भरायचा. हल्ली बोटभर रिकामा राहायचा. "सरळ सांग, आईकडे पोचवतेस ना?"

सून बोलणार काय, कपाळ! ती त्याच साखरेच्या कारखान्यात पाकिटं भरायची. मालकानेच काटा कमी करून ठेवला होता, आणि तोंड उघडलं की नोकरी गेली. नवरा घरी बसलेला, घर तिच्या पगारावर चालायचं. त्यापेक्षा चोर म्हणवून घेणं परवडलं.

पण एके दिवशी सासूबाई तिच्या दमेकरी आईला फुकटखाऊ म्हणाल्या आणि तिचं डोकंच फिरलं.

"मग फोडायच्या आधी वजन करून बघा की! दुकानातच काट्यावर ठेवा. पाकिटावर लिहिलेलं वजन नुसत्या साखरेचं असतं, पिशवीचं वेगळं. काटा किलोच्या वरच गेला पाहिजे."

सासूबाई तडक दुकानात. दुकानदाराने आढेवेढे घेतले, पण त्या कसल्या ऐकतात! एकेक पाकीट काट्यावर चढवलं. सगळी कमी भरली. त्यांनी दुकान डोक्यावर घेतलं आणि वजनमापवाल्या साहेबांकडे तक्रारही ठोकली.

"चांगली जिरवली मेल्यांची!" घरी येऊन त्या म्हणाल्या. "तुझ्यावर उगाच आळ घेतला गं बाई." मग त्यांनी स्वतः चहा केला, साखर जरा जास्तच घातली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सुनेला रडूच फुटलं.

साहेब कारखान्यात तपासणीला आले, तोवर काटा बिनबोभाट सरळ झाला होता. मालकाने हात वर केले. "काट्यात खोट नाही साहेब. बायका हात मारतात." प्रत्येक पाकिटावर भरणारीचा शिक्का असायचा. रागाच्या भरात सुनेला त्याची आठवणच राहिली नव्हती. तक्रारीतल्या पाकिटांवर तिचाच शिक्का होता.

ती भरदुपारी घरी आली.

"आज लवकर?"

"काढलं मला. साखर चोरली म्हणून."

सासूबाईंनी दुकानदाराने बदलून दिलेलं पाकीट फोडलं आणि डब्यात ओतलं. डबा काठोकाठ भरला.

झाकण घट्ट लावून, सुनेकडे न बघता त्या म्हणाल्या, "उद्यापासून चहात अर्धाच चमचा घाल."