गवत्या आणि चिलापीची पिल्लं

मी गवत्या बोलतेय. दिवसभर तळ्यातलं पाणगवत चरणारी मासळी, ती मीच. नाव पुरुषी असलं तरी मी बाई माणूस आहे, हे आधीच सांगून टाकते.

बोटाएवढी असताना मला प्लास्टिकच्या पिशवीतून इथे आणून सोडलं. चिलापी मासळीही त्याच दिवशी आली, तेव्हा ती नखाएवढी होती. आज तिचा गोतावळा बघा! अंडी तोंडात धरते, पिल्लंही तोंडातच सांभाळते. ती मोकळी होतात न होतात तोच बाईसाहेबांचं तोंड पुन्हा भरलेलं. आणि मिरवणं तर विचारू नका. ती समोरून गेली की माझं डोकंच फिरतं.

अंडी मलाही धरतात हो. पोट टम्म होतं. पण आमच्या जातीला अंडी सोडायला वाहतं पाणी लागतं, आणि हे तळं जागचं हलत नाही. दरवर्षी सगळं पोटातच जिरून जातं.

एकदा तळ्याचा मालक आणि त्याची वहिनी काठावर जाळं निवडत बसले होते.

"वहिनी, चिलापीनं नुसता उच्छाद मांडलाय. एकीची वाढ नाही, सगळ्या बोटभर."

"खाणारी तोंडं एवढी, वाढतील कशा? तरी मी सांगत होते भाऊजी, नर-मादी एकत्र सोडू नका. आता पाणी उतरवा नि सगळ्या काढा."

"आणि ती गवत्या?"

"राहू दे तिला. तिला इथे पिल्लं होत नाहीत, म्हणून तर आणली!"

मला वाटायचं, माणसांना माझी कीव येत असेल. कसली कीव! जे मला रात्रंदिवस सलतं, त्याचंच त्यांना कौतुक.

पंप लागला, पाणी उतरलं, जाळं फिरलं. चिलापी गोतावळ्यासकट सापडली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पण वर उचलली जाताना तिनं तोंड उघडलं आणि पिल्लं जाळ्याच्या डोळ्यांतून सुळकन खाली निसटली. लपायला जागा शोधत ती थेट माझ्या पोटाखाली आली.

आता तळं पुन्हा भरलंय. वहिनी काठावरून वाकून भाऊजींना विचारते, "एकही राहिली नाही ना?" मी हलत नाही. ही पिल्लं वाढली की पुन्हा हजारो होतील, माझ्या तोंडचा घास जाईल, सगळं कळतं मला.

तरी वहिनीला सांगू नका. आणि यांची आई कुठून परत आलीच, तर मी द्यायची नाही.