आवाज हरवलेल्या माणसाची गोष्ट

“एका माणसाचा आवाज हरवला. तो शोधायला माणूस घराबाहेर पडला. हं, आता तुम्ही सांगा. पुढे काय झालं?”

बाईंनी भाताचा चमचा नवऱ्याच्या तोंडासमोर धरला आणि थांबल्या. नवऱ्याने तोंड उघडलं. घासासाठी, शब्दासाठी नाही.

“असं नाही चालणार. आधी सांगायचं, मग घास.”

तो तसाच आ वासून बसला. ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. बाईंनी ती रुमालाने टिपली आणि घास भरवला. आयुष्यभर चौथीचा वर्ग सांभाळलेल्या बाईंनी आता नवऱ्यालाही चौथीत बसवलं होतं.

नवरा भाजीबाजारात लिलाव पुकारायचा. त्याच्या आवाजाने छपरावरची कबुतरं उठत. घरात मात्र तो हळू बोलायचा, कारण दुपारपर्यंत घसा बसलेला असे. शनिवारी बाईंचा शेवटचा तास गोष्टीचा. बाई फक्त सुरुवात सांगायच्या, पुढचं पोरांनी मनाने लिहायचं. पण ती सुरुवात आधी घरी पास व्हावी लागे. रात्री जेवताना बाई सांगायच्या, “एका मुलीच्या दप्तरात नदी शिरली.” नवरा चावत राहिला की ती नापास. “हा माल पडून राहील, मास्तरीण,” तो म्हणायचा. “एक जिना रोज एका पायरीने वाढायचा.” आता त्याचं चावणं थांबे. “मग? वरच्या मजल्यावरच्या म्हातारीचं काय झालं? ती खाली उतरली की नाही कधी?” म्हणजे माल खपला. बाई हसत उठायच्या. या दोघांचं सुख एवढंच होतं, आणि त्यांना ते कमी वाटलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं. त्यावरून नातेवाइकांनी जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

मग एका सकाळी टोमॅटोचा भाव पुकारताना तो मधेच थांबला. व्यापाऱ्यांना वाटलं, भाव चढवायला थांबलाय. त्यांनी भाव चढवला. तो उभाच राहिला. त्यांनी आणखी चढवला. मग तो क्रेटवर कोसळला.

दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरीण म्हणाली, “बोलतं करा त्यांना. ओळखीचं विचारत राहा. आशा सोडू नका.” आशा सोडू नका म्हणणाऱ्याला त्या आशेचा डबा भरून द्यावा लागत नाही, तिचे कपडे धुवावे लागत नाहीत. पण बाई शाळेतल्या. सांगितलेलं करायची सवय. त्या विचारत राहिल्या. सकाळी, दुपारी घरी आल्यावर, रात्री. एक शब्द हवा होता. कुठलाही. शिवी चालली असती.

शनिवार आला. पास झालेली सुरुवात हाताशी नव्हती. बाईंनी फळ्यावर तीच लिहिली, जी घरात दिवसरात्र चालू होती. लहान पोरांसमोर आपलं दुखणं मांडू नये, हे त्यांना कळत होतं. तरी लिहिली.

“बाई, आवाज काय खिशातून पडला?”

“तुला वाटेल तसं.”

“बाई, आमच्या पप्पांचा हरवला तर लय बरं होईल!”

वर्ग खदखदून हसला. बाईसुद्धा हसल्या, आणि मग फळा पुसायचं निमित्त काढून पाठ फिरवली.

पोरांनी लिहिलं. एकाला आवाज विहिरीत सापडला. एकाला कावळ्याच्या घशात. एकाने तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून नवा बसवून आणला. बहुतेक सगळ्यांना सापडला. सापडणारच. शेवट गोड करायचा आणि खाली तात्पर्य लिहायचं, हे या पोरांना पहिलीपासून घोटून घेतलेलं. नऊ वर्षांच्या पोराला मनात येईल ते लिही म्हणायचं आणि मनात काय यावं तेही आपणच ठरवायचं, याला आपल्याकडे शिक्षण म्हणतात.

रोज संध्याकाळी बाई त्यातल्या गोष्टी नवऱ्याला वाचून दाखवू लागल्या.

“ऐका, याला विहिरीत सापडला. पोहऱ्यातून वर आला म्हणे! आता तुमचा कुठे असेल? सांगा ना. बाजारात? बाजारात राहिला का? नुसतं ‘हो’ म्हणा.”

नवरा खिडकीकडे तोंड फिरवायचा. बाई उठून खिडकीच्या बाजूला जाऊन बसायच्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी घरी आणली नव्हती. वर्गात एक मुलगी होती, जिचं तोंड झोपेतच काय ते बंद राहत असेल. सगळे तिला टकळी म्हणत. तिचा कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर होता. शाळा तपासायला अधिकारी येणार म्हणून भिंतीवर गोष्टी लावायच्या होत्या.

“बाई, ही बदलून घ्या,” सर म्हणाले. “याला शेवट आहे का? तात्पर्य कुठंय?”

“शेवट आहे की सर. तुम्हाला आवडला नाही, एवढंच.”

“मला कशाला आवडायला हवा? साहेबांना आवडायला हवा. माणसाला आवाज सापडू द्या आणि कागद लावून टाका. दोन ओळींचं काम.”

“मी नाही सांगणार तिला. भिंतीवर एक तरी गोष्ट पोराची स्वतःची राहू दे.”

“भिंत शाळेची आहे, बाई.”

“मग कागद पोरीचा आहे,” बाई म्हणाल्या आणि तो उचलून बाहेर आल्या.

व्हरांड्यात टकळी एका पायावर उड्या मारत होती. बाईंनी तिला थांबवलं. “हे कुठून सुचलं गं तुला?”

“कुठून म्हणजे? तुम्हीच म्हणालात, मनाने लिहा.”

“आणि गोष्टीतली ती बायको विचारायची विसरली कशी?”

मुलीने क्षणभर विचार केला. “भाजी करपली असेल, बाई. आमची आई भाजी करपली की सगळं विसरते.” आणि गेली उड्या मारत.

त्या संध्याकाळी बाईंनी नवऱ्याला उशीला टेकवून बसवलं. त्याच्या डाव्या हाताशी पाण्याचा पेला ठेवला. पलंगाच्या कडेला बसून कागद उलगडला. वाचायचा की नाही, हे अजून ठरलं नव्हतं. पण वाचायला दुसरं काही उरलं नव्हतं.

“तो माणूस खूप फिरला. लोकांनी त्याला आपापले आवाज दिले. त्याने घालून बघितले. एक मोठा झाला, एक टोचला. त्याने ते परत केले. मग तो घरी आला. बायको म्हणाली, सापडला का? तो परत शोधायला गेला. परत आला. बायको म्हणाली, सापडला का? तो परत गेला. त्याच्या चपला झिजल्या. त्याला फार दमायला झालं. पण बायको रोज विचारायची, सापडला का...”

बाई वाचता वाचता थांबल्या. वर्गात असतं तर त्यांनी पोराला म्हटलं असतं, थांबू नकोस, वाच पुढे. त्यांनी पुढे वाचलं.

“एक दिवस बायको विचारायची विसरली. त्या दिवशी तो घरीच बसला. त्याला बरं वाटलं. गोष्ट संपली.”

त्यांनी वर पाहिलं. नवरा खिडकीकडे बघत नव्हता. त्यांच्याकडे बघत होता. डोळे पूर्ण भरलेले, पण नजर लिलावाच्या वेळची, समोरच्याला नीट जोखणारी. याला सगळं कळत होतं. इतके दिवस, प्रत्येक घासाला, प्रत्येक ‘सांगा ना’ला. पण बाईंच्या जिभेने सवयीने घात केला.

“मग आता तुम्ही सां...”

त्याचा डावा हात उठला. पेला कलंडला, पाणी चादरीवर पसरलं. हात पुढे आला आणि त्याने बाईंच्या तोंडावर तळवा ठेवला. जोर नव्हता. नुसता ठेवला.

बाईंनी तो बाजूला केला नाही. तळव्याखाली त्यांचे ओठ थोडा वेळ हलत राहिले. मग थांबले.