बॉनेट उघडायचं नाही

महालगाव मागं पडलं आणि गाडीनं पहिला आचका दिला. अंकित भोयरनं पाय आणखी दाबला, तर ती पुढं जायच्या ऐवजी जास्तच मलूल झाली. समोर इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लागला. मग धाप लागल्यासारखा आवाज, एक हिसका, आणि भंडारा रोडच्या कडेला, एप्रिलच्या भर उन्हात, एकोणीस दिवसांची कोरी गाडी ठप्प!

"काय झालं?" शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं, रितिकानं, विचारलं.

"काही नाही. होते असं."

"नव्या गाडीले होते?"

अंकितनं चावी फिरवली. इंजिन घरघरलं, फुरफुरलं आणि विझलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. मागच्या सीटवर त्याची सासू शोभाताई बसली होती. आठच दिवसांपूर्वी नागपुरात रामदासपेठेत तिच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, त्यासाठी ती पंधरवडाभर मुलीकडंच राहिलेली. डोळ्यांवर काळा मोठा चष्मा, आणि मांडीवर उडदाच्या वड्यांचा स्टीलचा डबा. मौद्याला तिच्या एकुलत्या एक मुलाचं, विश्वनाथचं, वर्षश्राद्ध होतं. बाराच्या आत पान वाढायचं होतं. महाराज येऊन बसले होते आणि घड्याळात पावणेअकरा झाले होते.

"बॉनेट उघडून पाहा ना," रितिका म्हणाली.

अंकितनं पुन्हा चावीच फिरवली.

आता या बॉनेटची भानगड सांगितलीच पाहिजे. त्याखाली खर्रा होता. नागपूरकराला खर्रा सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटायचा, प्लास्टिकच्या पन्नीत बांधायचा, आणि दिवसभर चिमूटचिमूट गालात धरून आपलाच गाल जाळत बसायचं. शहाणी माणसंही करतात हो हे! विश्वनाथ यानंच गेला. आधी त्याला तिखट सोसेना, मग तोंड उघडेना. डॉक्टरनं शोभाताईला सांगितलं होतं की रोज सकाळी पोराच्या तोंडात बोटं एकावर एक उभी धरून पाहा, निरोगी माणसाच्या तोंडात तीन जातात. विश्वनाथच्या तोंडात दोन गेली. काही महिन्यांनी एक. मग नुसती नळी.

त्याच्या तेरवीला अंकितनं चारचौघांत खर्रा सोडला. रितिका म्हणाली, पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत टिकलं तर गाडी घेऊ. सहा महिने त्यानं खरोखर पाळलं, त्यात तिळमात्र खोटं नाही. दिवाळीच्या सुमारास ऑफिसात कोणीतरी हात पुढं केला, एक चिमूट म्हणून घेतली, आणि गडी घसरला तो घसरलाच. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण रितिकानं आधीच बजावून ठेवलं होतं, "पुन्हा घेतला तर मी भांडणार नाही, रडणार नाही. आईकडं मौद्याले जाऊन राहीन. एकाचं पाहिलं, दुसऱ्याचं पाहाची ताकद नाही मले." म्हणून त्यानं तोंड मिटून घेतलं. गाडी बुक केली त्या दिवशीही त्याच्या गालात एक चिमूट होती. आणि ही भाबडी बाई शेजारणींपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगत फिरली, "आमची खर्रा सोडल्याची गाडी हाय."

ती खिसे तपासायची, सीटखाली बघायची, डिकीही सोडायची नाही. बॉनेटखाली मात्र डोकावायची नाही, म्हणून अंकितनं जागा हेरली होती. इंजिन ज्यातून हवा ओढतं तो काळा डबा, चार क्लिपांचा. आत जाळीसारखा फिल्टर असतो. पुड्या रोज त्याच्या अलीकडं ठेवायच्या. आज मौद्याचा दिवस लांबायचा, म्हणून तीन पुड्या घेतल्या, आणि बायको फाटकातून हाका मारत असताना घाईघाईत फिल्टरच्या पलीकडं, इंजिनाच्या बाजूला टाकून दिल्या. कशानं गाडी बंद पडली हे रस्त्यावर एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

"बॉनेट उघडायचं नाही," तो म्हणाला. "वॉरंटी जाते."

"उघडल्यानं वॉरंटी जाते? असं कुठं असते?"

"असते. कंपनीचाच माणूस लागते."

रितिकानं कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. बाई गोड बोलली आणि माणूस यायला दोन तास लागतील म्हणाली. रितिकानं घड्याळाकडं बघितलं, मग आईकडं.

"तुम्ही दोघी ऑटोनं पुढं व्हा," अंकित लगबगीनं म्हणाला. "मी गाडीपाशी थांबतो. पान चुकायले नको."

"अजिबात नाही. ही गाडी आज आईच्या दारात उभी राहिली पाहिजे. माह्या भावाच्या दारात. काहून घेतली मंग आपण?" तिनं पट्टा सोडला. "त्या पंक्चरवाल्याकडं विचारते मी, कोणी मेकॅनिक हाय का," असं म्हणून ती दार आपटून निघालीसुद्धा.

रस्त्यापलीकडं टायर टांगलेलं एक टिनाचं दुकान होतं. रितिका ट्रक जायची वाट बघत कडेला उभी राहिली. आता किंवा कधीच नाही! अंकितनं बॉनेटचा खटका ओढला, बाहेर उडी टाकली आणि बॉनेट वर केलं. गरम वाफ तोंडावर आली. पहिली क्लिप निघाली. दुसरी बोटाला चटका देऊन निघाली. तिसरी काही केल्या हलेना. त्यानं रुमाल गुंडाळला, नख घातलं, स्वतःलाच एक कचकचीत शिवी हासडली.

"काय करून राहिले जवाईबापू?"

शोभाताई कधी उतरली ते कळलंच नाही. डबा पोटाशी धरून ती हेडलाइटपाशी उभी होती. अंकितनं धाडकन बॉनेट पाडलं.

"काही नाही, आई. पाहत होतो."

"वॉरंटी जाते म्हनत होते ना?" ती साधेपणानं म्हणाली. "उन्हात नका राहू. पाणी प्या. एक पोरगा गेला माहा, तुमच्याकडं पाहून दिवस काढते मी."

अंकित पाणी प्यायला. दूर मौद्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसत होत्या, इतकं जवळ आलं होतं सगळं.

रितिका ज्याला घेऊन आली तो रुपराव पन्नाशीचा, काळासावळा, हातात पान्हे. बोलायचा तो दातांवर दात ठेवून, जणू तोंड शिवलेलं असावं. "काय झालं साहेब?" हेसुद्धा त्याचं फटीतून आलं. अंकितनं वॉरंटीची टकळी पुन्हा सुरू केली, पण रितिकानं आत हात घालून स्वतःच खटका ओढला.

"ह्या दोन क्लिपा कोनं काढल्या?" रुपराव पुटपुटला.

तेवढ्यात मौद्याहून फोन आला आणि रितिका कानावर हात ठेवून चार पावलं बाजूला गेली. शोभाताई जागची हलली नाही. रुपरावनं उरलेल्या क्लिपा काढल्या, झाकण उचललं, फिल्टर बाहेर घेतला.

दोन पुड्या पलीकडं पडल्या होत्या, फुगलेल्या, गरम झालेल्या. तिसरी फाटून तिची पन्नी इंजिनाच्या नळीच्या तोंडावर घट्ट चिकटली होती आणि सुपारीचे कण सगळीकडं सांडले होते. रुपरावनं मान वर करून अंकितकडं पाहिलं. अंकितनं सासूच्या नजरेआड, पोटापाशी, दोन्ही हात जोडले. एवढी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

रुपरावनं मूठ मिटली. पुड्या त्याच्या खिशात गेल्या. पक्कडीनं पन्नी उपटून त्यानं तीही कोंबली, फडक्यानं कण पुसून काढले आणि परत आलेल्या रितिकाला म्हणाला, "पाला होता, बाई. निंबाचा. आत ओढला गेलता, दम कोंडला गाडीचा."

"नव्या गाडीत?"

"जाते कधी कधी. चालू करा साहेब."

गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. रितिकानं टाळ्याच वाजवल्या! अंकितनं स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. वाचलो रे बाप्पा, वाचलो. आजच सोडतो, आत्तापासून सोडतो, असं तो मनातल्या मनात घोकत होता, आणि या वेळी ते त्याला खरंही वाटत होतं.

"सर्व्हिसले दाखवजा," रुपराव म्हणाला. "कचरा आत गेला असंन."

शोभाताई त्याच्याकडंच पाहत होती. "भाऊ," ती म्हणाली, "जेवता कसे तुम्ही?"

रुपराव खाली बघत म्हणाला, "पातळ करून, मावशी. एक बोट जाते आता."

"तिखट कधी सुटलं?"

"लय वर्षं झाले."

तिनं मान हलवली आणि गाडीत जाऊन बसली. रितिकाही बसली, पट्टा लावला, गिअरवरच्या अंकितच्या हातावर आपला हात ठेवला. "मी घाबरूनच गेलते," ती हसत म्हणाली. "गाडीत काही खोट नाही. पालाच होता नुसता."

"जवाईबापू, गाडी नका काढू," मागून आवाज आला.

"आई, सव्वाअकरा झाले."

"होऊ द्या." शोभाताईनं डबा बाजूला ठेवला. "ऑपरेशन डोळ्याचं झालं माह्या, नाकाचं नाही. त्या भावाच्या फडक्याले निंबाचा वास नव्हता."

अंकित समोरच्या काचेतून रस्ता बघत राहिला. इंजिन सुरळीत चालू होतं. पाय नुसता टेकवला असता तरी गाडी निघाली असती, आणि मौद्यात पोचल्यावर माणसांच्या गर्दीत सगळं विरूनही गेलं असतं.

"पंधरा दिवसांपासून पाहून राहिली मी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच भयंकर होतं. "तुमच्या ताटातला ठेचा तसाच परत येते. पित्त झालं म्हनता. विश्वनाथबी पित्तच म्हने."

रितिकाचा हात त्याच्या हातावर तसाच होता, पण आता तो निर्जीव झाला होता. "अहो?" एवढंच ती म्हणाली.

अंकितनं चावी फिरवून गाडी बंद केली. मग पट्टा सोडला आणि सीटवर पूर्ण मागं वळला.

"दिवाळीपासून," तो म्हणाला.

शोभाताईनं चष्मा काढला. ऑपरेशनचा डोळा लाल होता. तिनं उजव्या हाताची तीन बोटं एकावर एक जुळवली, सवयीनं, न बघता. "आ करा."

त्यानं तोंड उघडलं. जितकं उघडता येईल तितकं, कानशिलापर्यंत कळ जाईपर्यंत उघडलं. उडदाच्या पिठाचा वास असलेली बोटं आत आली. एक. दोन. तिसरं ओठावरच अडलं. रितिकानं ते पाहिलं आणि पदर तोंडावर दाबला.

शोभाताईनं हात काढून घेतला नाही.

"जाते, जाते," ती म्हणाली. "आणखी थोडं उघडा, बाप्पा. जाते तिसरं."