कोऱ्या भिंतीची कंपनी

हेवी लायसन हातात आलं आन् चांगुणानं पेटी भरायला काढली. माझी न्हाई, तिची.

"ड्रायव्हरची बायको म्हनून मी नांदनार न्हाई," म्हनली. "आईची गत बगितलीय मी. चालले म्हायेरी."

आता ह्यात माझा काय गुन्हा? तिचा बाप, आसाराम, ट्रकवर ड्रायव्हर हुता. ती बारा वर्सांची आसताना गाडी घाटातनं दरीत गेली, गाडीसंगं त्योबी गेला. मी त्या मानसाचं तोंडसुदिक बगितलेलं न्हाई. सासरा मरायचा कुठं आन् भोगायचं कुनी! शेवटी वैतागून म्हनलं, "बाई, नगरातल्या ट्रकच्या दोन कंपन्या मला बोलवत्यात. तूच चल आन् तूच बघ. एकबी पटली न्हाई तर लायसन चुलीत घालतो आन् सायकलीची पंक्चरं काढत बसतो." म्हनलं खरं, पन खिशातलं लायसन चाचपून घेतलं. सात वर्सं दुसऱ्याच्या गाड्या धुतल्या तवा ते लायसन मिळालं हुतं.

एकाहत्तरचा उन्हाळा. जामखेडवरनं पहिल्या यष्टीनं आमी नगर गाठलं. कंपन्यांची पाटीवरची नावं लांबलचक, ती मुनिमाशिवाय कुनाला पाठ नसत्यात. आमी गाडीच्या रंगावरनं वळखायचो. एक पिवळी, एक निळी.

आधी पिवळीच्या हापिसात गेलो. मालक काकासाहेब सोता बसलेले. मागं भिंतीवर तीन फोटो, तिन्हींना ताजे हार.

"कुनाचे वो?" मी इचारलं.

"आपले ड्रायव्हर. गेले."

तिघंबी टोपी घालून, पोलिसानं धरल्यावानी बसलेले. त्यांच्या शेजारी चौथा खिळा, मोकळाच. मी खिळ्याकडं बगितलं, खिळ्यानं माझ्याकडं.

"ह्यो कशाला?"

"सुतारानं चार ठोकले," काकासाहेब म्हनले. "बरं, रुजू व्हताना तुमचाबी एक फोटो आना. जरा मोठाच आना. मागनं घरच्यांकडं सापडत न्हाई."

मी दाराकडं सरकलो. चांगुणा मातूर फोटो बघत हुती. "हार कोन बदलतं?" तिनं इचारलं.

"मीच. दर आवसंला, गाड्यांची पूजा झाली की. ह्या मधल्याची बायको आपल्याच गोदामात पोती शिवती. आज तिची सुट्टी हाय, न्हाईतर भेटली आसती."

भाईर आल्याबरूबर मी म्हनलं, "चल बया, हितं मानसं मरत्यात."

ती निळीच्या हापिसाकडं चालाय लागली.

निळीचं हापिस म्हंजी काय थाट! डोक्यावर पंखा, भिंतींना नवा गुलाबी रंग. मुनीम म्हातारा, पन जिभंवर साखर. पगार पिवळीपेक्षा जास्त, वर्साला दोन खाकी डरेस, टायर नवे.

"आन् आमच्या गाडीवर आजपातुर एकबी ड्रायव्हर दगावला न्हाई," मुनीम म्हनला. "बघा की. भिंत कोरी हाय का न्हाई?"

व्हती. एक क्यालेंडर सोडलं तर सगळी कोरी. मी मनातल्या मनात खाकी डरेस घातलासुदिक.

तेवढ्यात चहा आला. मुनिमानं एक कप उचलून चांगुणाफुडं धरला. तिनं कप घेतलाच न्हाई. त्याच्या हाताकडं बघत बसली. अंगठ्याला लागून त्याला सहावं बोट हुतं.

"तुमच्या गाड्या आधी हिरव्या हुत्या का?" तिनं इचारलं.

"व्हय की! लई वर्सं झाली. तुमाला कसं ठावं?"

"खर्ड्याचा आसाराम ड्रायव्हर आठवतो का?"

मुनिमानं डोकं खाजवलं. "आसाराम... न्हाई बा. आमच्यात आसं कुनी नव्हतं."

"माझा बाप हुता," चांगुणा म्हनली. आवाज चढवला न्हाई, दळन टाकायला सांगावं तसं सांगत गेली. "त्याचा दहावा हुता. नदीवर पिंड मांडला हुता. कावळा काय शिवंना. कावळ्याच्या आधी तुमी आला. म्हनला, गाडी दुरुस्त व्हनार हाय, दुसरी चावी आसारामकडं हुती, ती द्या. आईनं कनवटीची काढून दिली. ती घ्यायला ह्योच हात फुडं केला हुता तुमी."

मुनिमानं कप खाली ठिवला आन् हात टेबलाखाली नेला. "चहा गार व्हतोय," म्हनला.

माझं टाळकं सटकलं. त्याच्यापरीस मला माझाच राग आला. कोरी भिंत बघून मी येडा खूश झालो हुतो! टेबल उलथं करायला उठलो, तर चांगुणानं दंड धरला. "चला. फोटो काढायचाय."

कापडबाजाराच्या तोंडाशी एक स्टुडिओ हुता. मी टोपी घातली आन् त्या तिघांसारखा ताठ बसलो. म्हनलं, उद्या त्यांच्या रांगंत लागायचंच झालं तर एकसारखं दिसावं.

"दोन कॉप्या काढा," चांगुणानं फोटोवाल्याला सांगितलं. "एक पिवळीच्या हापिसाला, एक मला." मग माझ्याजवळ आली आन् टोपी सरळ केली. "आईकडं बाचा एकबी फोटो न्हाई वो. त्याचं तोंड मला आता आठवत न्हाई. त्या मुनिमाचं बोट आठवतं, पन बाचं तोंड आठवत न्हाई."

फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालून वरडला, "हसा!"

"हसा की," चांगुणा पदरानं डोळं पुसत म्हनली. "जित्ते हायसा न्हवं?"

मला काय हसू यीना. फोटो रडकाच आला. काकासाहेबांनी त्यो उलटासुलटा बगितला, चालंल म्हनले, आन् कपाटात ठिवून कुलूप लावलं. दुसरा चांगुणानं तिच्या पेटीत तळाला ठिवला आन् पेटी परत फळीवर टाकली.