धाकटीच्या उच्चारातले बाबा

परवा बाबांनी माझ्याकडे ‘फ्लॅशलाइट’ मागितला. आमच्या घरात जन्मभर टॉर्चच होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पक्षाघातानं बाबांची वाचा गेली, तेव्हा थेरपीवाली म्हणाली होती, “जी भाषा आधी येईल ती येऊ द्या. घरातल्या कुणीतरी रोजच्या वस्तूंचे शब्द रेकॉर्ड करा, ते ऐकून म्हणतील.” नोकरीभर इंग्रजीत पत्रं लिहिलेला माणूस, इंग्रजीच आधी आली. मी चष्म्याचं दुकान सांभाळून त्यांना आंघोळ घालते, भरवते, रात्री त्यांची कूस बदलते. मला रेकॉर्डिंगला वेळ कुठला? ते काम परदेशातल्या धाकट्या बहिणीनं उचललं. तिचं बरं आहे, तिथं बसून नुसतं बोलायचं!

आणि बाबा तिच्याच तोंडानं बोलायला लागले. डस्टबिनला ट्रॅश, बिस्किटाला कुकी, लिफ्टला एलिव्हेटर. पाणी मागताना ‘वॉडर’, तेही जीभ अशी वळवून, की जणू एवढी वर्षं हेही तिकडेच होते. थेरपीवाली टाळ्या वाजवायची. मी जळून खाक व्हायची. घास माझ्या हातचा आणि शब्द मात्र तिचे!

फ्लॅशलाइट ऐकल्यावर माझं डोकंच फिरलं. बाबांचा फोन उचलून दुकानात नेला, तिची सगळी रेकॉर्डिंग पुसली आणि मागच्या खोलीत, काचा घासायच्या मशीनशेजारी बसून माझ्या आवाजात नवी केली. ‘वॉटर’ तर इतकं ठासून म्हटलं, की बाहेर फ्रेम लावून बघणारं गिऱ्हाईक दचकलं.

संध्याकाळी फोन त्यांच्या उशाशी ठेवला. बाबांनी दोन-तीन शब्द ऐकले. मग चांगल्या हातानं फोन उलटसुलट केला, हलवून पुन्हा कानाशी धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

“म्हणा ना,” मी म्हटलं. “टॉर्च.”

त्यांनी ओठ घट्ट मिटले.

“तिचं बरं गोड लागतं हो तुम्हाला! इथं राब राब राबते ती मी, आणि लाडकी मात्र ती!”

बोलून गेले खरी. बाबांचा चेहरा लाल झाला. शब्द जुळवायला त्यांना इतका वेळ लागला, की मला वाटलं आता रडतात. पण आले ते मराठी शब्द, आजारपणानंतर पहिल्यांदाच.

“तू... आहेस.” त्यांनी माझं मनगट धरलं. मग मान फोनकडे वळवली. “ती... एवढीच.”

मोकळ्या हातानं तसाच धाकटीला फोन लावला. चुकून सगळं पुसलं गेलं, अशी थाप मारली.

“पुन्हा करून पाठवशील?”

“आत्ता करते.” मग ती म्हणाली, “पण ताई, ऐकतात का गं ते खरंच?”

“दिवसभर,” मी म्हटलं. हे मात्र खोटं नव्हतं.

पलीकडे ती हमसून हमसून रडायला लागली. बाबांनी माझं मनगट अजून सोडलं नव्हतं.